स्नायू किती ताठर? आधी दिशा सांगा

समजा, दंडाच्या स्नायूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला, इलास्टोग्राफीचं, म्हणजे ऊतीचा ताठरपणा मोजण्याचं, बटण दाबलं आणि पडद्यावर आकडा आला: २७ किलोपास्कल. मग प्रोब न उचलता जागच्या जागी ९० अंशांत फिरवला. आता आकडा ६.७५. माणूस तोच, स्नायू तोच, हात तसाच सैल सोडलेला. मशीन बिघडलेलं नाही आणि मोजणाराही चुकलेला नाही. हे दोन आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून निवडले आहेत, पण शिथिल स्नायूच्या उभ्या आणि आडव्या मापांत मोठा फरक खरोखरच पडतो. गोची आहे ती ‘या स्नायूचा ताठरपणा किती’ या प्रश्नातच. यकृताबद्दल हा प्रश्न विचारला तर बऱ्यापैकी चालून जातो. स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर), हृदयाची भिंत यांच्याबद्दल विचारला तर तो अर्धवट राहतो, कारण त्यात दिशा सांगितलेलीच नसते.

स्नायू म्हणजे लांबच लांब तंतूंचे जुडगे. तंतूंच्या दिशेने त्याची घडण एक, तंतूंना आडवी दुसरी. कापड हातात घेऊन पाहा. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढलं तर ते जवळजवळ ताणतच नाही, आडव्या धाग्याच्या दिशेनेही फारसं नाही, पण उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की सहज लांबतं. त्या कापडाचा ‘ताणण्याला विरोध’ एका आकड्यात सांगा म्हटलं तर शिंपीसुद्धा आधी विचारेल, कुठल्या बाजूने? ही उरेब दिशा लक्षात असू द्या. पुढे ज्या मापाने संशोधकांना सगळ्यात जास्त दमवलं, ते तिथेच दडलेलं आहे.

पण आधी हे मापन होतं कसं ते पाहू.

सोनोग्राफीत जी ध्वनिलहर शरीरात जाते ती दाबाची लहर असते. ऊती दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते. मऊ ऊतींमध्ये या लहरीचा वेग साधारण सेकंदाला १५४० मीटर धरतात. मेद असो, स्नायू असो की यकृत, त्यात फरक पडतो तो थोड्याच टक्क्यांचा. कारण उघड आहे. मऊ ऊतींत बहुतांश पाणीच असतं, आणि पाणी दाबून आकसवणं महाकठीण. दाबाला होणारा हा विरोध दोन अब्ज पास्कलच्या घरात जातो. त्यामुळे मऊ गाठ आणि कडक गाठ या लहरीला जवळपास सारख्याच वाटतात. बोटांना मात्र फरक लगेच कळतो, कारण बोटं ऊतीचं घनफळ कमी करत नाहीत, तिचा आकार बदलतात. आकार बदलताना शेजारचे थर एकमेकांवरून सरकतात. या सरकण्याला होणारा विरोध म्हणजे शिअर गुणांक. तो काही हजार पास्कल असतो, म्हणजे दाबाच्या विरोधाच्या तुलनेत लाखो पटींनी लहान. निरोगी आणि आजारी ऊतीत तो कित्येक पटींनी बदलू शकतो. बोटांनी चाचपून निदान करण्याच्या जुन्या पद्धतीमागे हेच भौतिकशास्त्र आहे.

सरकण्याचीही लहर असते. तिला शिअर लहर म्हणू. ती ज्या दिशेने पुढे जाते तिला काटकोनात ऊती हलते. भूकंपातली दुसऱ्यांदा येणारी एस लहर याच जातीची. मऊ ऊतींत ती सेकंदाला साधारण एक ते दहा मीटर धावते, म्हणजे माणसाच्या चालण्या-पळण्याच्या वेगात. एकाच ऊतीत दोन लहरी, एक दुसरीच्या शेकडो पट वेगवान. सगळी युक्ती या तफावतीवर उभी आहे: मंद लहर धावत असताना वेगवान लहरीने तिचे फोटो काढायचे.

ही युक्ती सुचायला वेळ लागला. १९९१ मध्ये जोनाथन ऑफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊती वरून किंचित दाबून, दाबण्याआधीच्या आणि नंतरच्या ध्वनिप्रतिध्वनींची तुलना करून ताठरपणाचं चित्र काढलं. इलास्टोग्राफी हे नाव तिथून रूढ झालं. १९९५ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटाने बाहेरून कंपनं देऊन एमआरआयमध्ये शिअर लहरी पाहिल्या. १९९८ मध्ये आर्मेन सर्वझ्यान आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वाट मांडली: बाहेरून दाबायचंच कशाला, ध्वनीनेच आतल्या आत ढकलू. पुढे २००४ मध्ये पॅरिसमध्ये बेरकॉफ, तांतेर आणि फिंक यांनी हे ढकलणं आणि अतिवेगवान चित्रण एकत्र जमवून आणलं. आज अनेक मशीनांवर जे ‘शिअर वेव्ह’ बटण दिसतं ते याच घराण्यातलं.

ध्वनीने ढकलायचं म्हणजे काय, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. ऊती ध्वनी शोषते तेव्हा ध्वनीबरोबर आलेला संवेगही शोषते, आणि तिला ध्वनीच्या दिशेने बारीकसा रेटा बसतो. चित्र काढताना वापरतात तो स्पंद मायक्रोसेकंदापेक्षाही छोटा असतो, त्याचा रेटा जाणवतही नाही. ढकलण्यासाठी तोच ध्वनी एका बिंदूवर एकवटून शंभर ते काहीशे मायक्रोसेकंद चालू ठेवतात. तेवढ्याने त्या बिंदूपाशी ऊती काही मायक्रोमीटर खाली सरकते. केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रोमीटर असते हे लक्षात घेतलं तर किती कमी, ते कळेल. रेटा थांबतो, ऊती परत वर येते आणि आजूबाजूला शिअर लहर पसरायला लागते.

ती पकडायची कशी? सेकंदाला तीन मीटर वेगाची लहर बारा मिलिमीटर अंतर चार मिलिसेकंदांत कापते. नेहमीची सोनोग्राफी सेकंदाला पन्नास चित्रं काढते असं धरलं, तर दोन चित्रांमध्ये वीस मिलिसेकंदांची फट राहते. लहर आली कधी आणि गेली कधी, पत्ताच लागणार नाही. म्हणून एकेक रेघ ओढत चित्र भरण्याऐवजी पूर्ण प्रोबमधून एकदम सपाट लहर सोडतात आणि आलेल्या प्रतिध्वनींतून सगळं चित्र गणिताने एका दमात उभं करतात. चार सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला ध्वनीला साधारण ५२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे त्या खोलीपर्यंत सेकंदाला जास्तीत जास्त १९ हजार चित्रं. सेकंदाला दहा हजार जरी काढली तरी चार मिलिसेकंदांच्या त्या प्रवासाची चाळीस चित्रं हाती येतात. भरपूर झाली.

उरला प्रश्न मायक्रोमीटरचा. पाच मेगाहर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी ऊतीत सुमारे ०.३१ मिलिमीटर असते. मग पाच मायक्रोमीटरची हालचाल दिसणार कशी? चित्रात ती दिसत नाहीच. पण ऊती पाच मायक्रोमीटर सरकली की ध्वनीच्या जाण्यायेण्याच्या वाटेत दहा मायक्रोमीटरचा फरक पडतो, आणि प्रतिध्वनीची कला, म्हणजे लहरीच्या चढउतारातली जागा, साधारण बारा अंशांनी बदलते. हा बदल मोजता येतो. रक्तप्रवाह मोजणारं डॉप्लर तंत्र याच नात्यातलं. त्यातली एक अडचण मात्र पुढे फार महागात पडते: अल्ट्रासाऊंडला आपल्या किरणाच्या दिशेने झालेली हालचालच चांगली दिसते. ऊती आडवी हलली तर तिला ते जेमतेमच कळतं. एमआरआयचं तसं नाही, त्यात हालचालीचे तिन्ही घटक मोजता येतात. त्याबदल्यात वेळ, खर्च आणि बोगद्यात निश्चल पडून राहणं आलं.

आता वेगावरून ताठरपणा. शिअर गुणांक म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. मऊ ऊतींची घनता पाण्याएवढी, दर घनमीटरला हजार किलो धरली की हिशेब तोंडी होतो: वेगाचा वर्ग केला की थेट किलोपास्कल. तीन मीटर वेग म्हणजे ९ किलोपास्कल, दीड मीटर म्हणजे सव्वादोन. वेगाचा वर्ग घ्यायचा असल्यामुळे चूकही दुपटीने वाढते. वेगात पाच टक्के चूक झाली तर ताठरपणात जवळपास दहा टक्के.

बरीच मशीनं याच्यापुढे एक पाऊल टाकतात आणि शिअर गुणांकाला तीनने गुणून यंग गुणांक, म्हणजे ताणण्याला होणारा विरोध, दाखवतात. सुरुवातीचे २७ आणि ६.७५ असेच आले, ९ आणि २.२५ चे तिप्पट. हा तीनचा गुणाकार फक्त अशा पदार्थाला लागू होतो जो दाबून आकसत नाही आणि सगळ्या दिशांना सारखा असतो. स्नायू पहिली अट पाळतो, दुसरी साफ मोडतो. त्यामुळे स्नायूसाठी यंग गुणांक छापणं ही माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात त्रासदायक सवय आहे. वेग छापावा, फार तर शिअर गुणांक छापावा. तीनने गुणलेला आकडा दिसला की आधी तीनने भागून घ्यावा.

दिशेचा विचार सुरू केला की पहिला मोह होतो तो एवढाच म्हणण्याचा: ‘लहर तंतूंच्या दिशेने वेगात जाते, आडवी हळू जाते.’ हे वाक्य अर्धंच आहे. शिअर लहरीला दोन दिशा असतात. एक, ती जाते कुठे. दुसरी, ऊती हलते कुठे. वेग या दोन्हींवर ठरतो.

तंतू उत्तर-दक्षिण आडवे पसरले आहेत असं समजा, त्वचेला समांतर. वरून ढकललं, म्हणजे ऊती खाली-वर हलते. लहर उत्तरेकडे निघाली, तंतूंच्या बाजूने. खाली-वर हलताना तंतूंना वाकावं लागतं, विरोध मोठा, वेग जास्त. हाच रेखांशी शिअर गुणांक. आता तीच खाली-वर हलणारी लहर पूर्वेकडे, तंतूंना आडवी गेली. इथे एक तंतू शेजारच्या तंतूवरून नुसता सरकतो, कुणाला वाकावं लागत नाही. विरोध कमी, वेग कमी. हा आडवा शिअर गुणांक. प्रोब फिरवल्यावर आकडे बदलले ते यामुळे.

पण समजा लहर पूर्वेकडेच जाते आहे आणि ऊती खाली-वर न हलता उत्तर-दक्षिण हलते आहे, तंतूंच्याच दिशेने. प्रवासाची दिशा अगदी तीच. तरीही वेग येतो रेखांशी गुणांकाचा, म्हणजे जास्त असलेला. यात जादू काही नाही. सरकण्याचं प्रतल तेच राहिलं, प्रवासाची आणि हलण्याची दिशा यांची अदलाबदल झाली एवढंच. फिंक यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेतल्या गटाने २००३ मध्ये स्नायूंतल्या या जलद आणि मंद शिअर लहरी वेगवेगळ्या मोजून दाखवल्या. भूकंपशास्त्राला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. दिशासापेक्ष खडकात शिरलेली एस लहर दोन वेगळ्या वेगांच्या लहरींत फुटते आणि त्यांतल्या वेगवान लहरीच्या हलण्याच्या दिशेवरून खडकाच्या घडणीची दिशा काढतात.

मग एकूण किती आकडे मोजले की पदार्थ पूर्ण कळला? कुठलीच सममिती नसलेल्या स्थितिस्थापक पदार्थाला २१ स्थिरांक लागतात. सगळ्या दिशांना सारखा असेल तर दोन. तंतूंची एकच दिशा असलेल्या पदार्थाला पाच लागतात, आणि तो दाबून आकसत नाही हे गृहीत धरलं तर तीन उरतात. दोन शिअर गुणांक आपण पाहिले. तिसरा म्हणजे तंतूंच्या दिशेने ओढल्यावर होणारा विरोध, रेखांशी यंग गुणांक. स्नायूचं काम ओढण्याचं, तेव्हा खरं तर हाच आपल्याला सगळ्यात आधी हवा. आणि नेमका हाच हाती लागत नाही.

का लागत नाही? तंतू त्वचेला समांतर असताना वरून ढकललं, तर प्रोब कितीही अंशांत फिरवा, हलण्याची दिशा तंतूंना काटकोनातच राहते. उत्तरेकडून पूर्वेकडे फिरताना वेग रेखांशी गुणांकाकडून आडव्या गुणांकाकडे हळूहळू घसरत जातो, पण त्या पूर्ण फेरीत एकही तंतू ओढून लांब होत नाही. जे ताणलंच गेलं नाही त्याचा ताणण्याला विरोध लहर सांगणार कशी?

इथे ते कापड पुन्हा हातात घ्यावं लागतं. उरेब ओढलं की धाग्यांची चौकट वाकडी होते, धागे स्वतः ताणले जात नाहीत, म्हणून कापड सहज लांबतं. आता उलटा विचार करा. धाग्यांना ४५ अंशांत असलेल्या रेषेवर कापडाचे पट्टे एकमेकांवरून सरकवायचे ठरवले तर? तेव्हा एका दिशेचे धागे ताणले जातात आणि दुसऱ्या दिशेचे दाबले जातात. म्हणजे तिरक्या दिशेतलं सरकणं हे मुळात धागे ओढणंच असतं. स्नायूतही लहरीचा प्रवास तंतूंना तिरका असेल आणि हलण्याची दिशा तंतू ज्या प्रतलात आहेत त्याच प्रतलात असेल, तर तंतू ताणले-दाबले जातात. त्या लहरीच्या वेगात तिसरा आकडा येतो. तंतूंच्या सरळ बाजूने आणि बरोबर आडव्या दिशेने या लहरीचा वेग फक्त रेखांशी शिअर गुणांक सांगतो. दोघांच्या मध्ये वेग बदलतो, आणि ४५ अंशांपाशी तो फरक सगळ्यात मोठा असतो.

प्रयोगात हे जमवायचं तर ढकलण्याची दिशा तंतूंशी तिरकी हवी. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या मोठ्या स्नायूचे तंतू त्वचेला समांतर नसतात, तिरपे आत उतरतात. निसर्गाने केलेली ही सोय कामी आली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कॅथरिन नाइटिंगेल यांच्या गटाने प्रोब टप्प्याटप्प्याने फिरवत, चारही बाजूंच्या लहरी नोंदवत, २०२२ मध्ये छापलेल्या कामात जिवंत माणसाच्या स्नायूचे तिन्ही आकडे काढून दाखवले. एकाच ढकलण्यातून निघालेल्या दोन्ही जातींच्या लहरी, तंतूंना काटकोनात हलणारी आणि तंतूंना ताणणारी, वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि त्यांतली एक बऱ्याचदा फिकट असते. वाचायला सोपं आहे, मोजायला अजिबात नाही.

आणखी एक खाचखळगा आहे, आणि त्यात जाणकारही पडतात. दिशासापेक्ष पदार्थात एका बिंदूवर ढकललं तर लहरीची कड वर्तुळाकार न पसरता, खाली-वर हलणाऱ्या लहरीपुरतं बोलायचं तर, लंबवर्तुळाकार पसरते. आपल्या उदाहरणात लांब अक्ष आखूड अक्षाच्या दुप्पट. आता ४५ अंशांच्या रेषेवर उभं राहून ‘लहर इथे कधी पोचली’ हे मोजलं तर वेग येतो सेकंदाला १.९० मीटर. हा ऊर्जेच्या प्रवासाचा वेग, त्याला समूहवेग म्हणतात. पण एक लांब सरळ कड ४५ अंशांत पुढे सरकते आहे असं धरून सूत्र लावलं तर तिचा वेग, म्हणजे कलावेग, येतो २.३७. वर्ग करून पाहा: एक ३.६ किलोपास्कल, दुसरा ५.६. दोन्ही वेग आपापल्या जागी बरोबर आहेत. बिंदूवर ढकलून मिळालेला वेग सरळ कडेच्या सूत्रात घातला की उत्तर चुकतं. बरोबर तंतूंच्या बाजूने आणि बरोबर आडवं मोजलं तर दोन्ही वेग एकच येतात, त्यामुळे चूक लपून राहते आणि तिरक्या मापातच उघडी पडते.

प्रोब जरासा तिरका लागला तर किती बिघडतं, हेही याच आकड्यांवरून काढता येतं. तंतूंपासून १० अंश चुकलं तर ९ च्या जागी सव्वाआठ किलोपास्कल मिळतात, आठ टक्के कमी. २० अंश चुकलं तर ६.७, म्हणजे चतुर्थांशाहून जास्त घट. दहा अंशांची चूक माफ आहे, वीस अंशांची नाही. सुदैवाने साधं सोनोग्राफीचं चित्रच इथे मदतीला येतं. प्रोब तंतूंना समांतर असला की लांब, अखंड पांढऱ्या रेघा दिसतात. तिरका झाला की रेघा तुटक होतात, आणि आडवा लावला की नुसते ठिपके उरतात. आधी रेघा जुळवून घ्याव्यात आणि मगच बटण दाबावं.

जिवंत स्नायूचा ‘खरा’ आकडा आधीपासून कुणालाच माहीत नसतो, म्हणून पद्धत पारखायला ऊतीसारखे कृत्रिम पदार्थ बनवतात. त्यांना फँटम म्हणतात. जिलेटिन किंवा अगारचा फँटम बनवायला सोपा, पण तो सगळ्या दिशांना सारखाच असतो. दिशा आणायची तर त्यात समांतर तंतू ओवतात, किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरतात. याचं पाण्यातलं द्रावण गोठवून वितळवलं की त्याचं रबरासारखं जेल होतं, आणि गोठवण्या-वितळवण्याची प्रत्येक फेरी ते आणखी ताठर करते. काही फेऱ्यांनंतर ते जेल एका दिशेने ताणून धरायचं आणि ताणलेल्या अवस्थेतच आणखी फेऱ्या द्यायच्या. आतली जाळी त्या दिशेने रचली जाते आणि सोडल्यावरही तशीच राहते. ध्वनी परतवायला त्यात सेल्युलोजची पूड मिसळतात, नाहीतर चित्रात नुसता अंधार. अशा फँटमचा तुकडा यंत्रात ओढून त्याचा विरोध थेट मोजता येतो आणि लहरीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

तेही सरळ जुळतात असं नाही. ओढण्याचं यंत्र संथ चालतं, शिअर लहर मात्र सेकंदाला शेकडो कंपनांची असते. मऊ पदार्थात लवचिकतेबरोबर चिकटपणाही असतो आणि वेगाने हलवलं की ते जास्त ताठर वागतात. दोन मापांत तफावत दिसली की दोष लगेच पद्धतीला देऊ नये. दोन्हींनी वेगवेगळ्या कंपनसंख्येला विचारलेला तो वेगवेगळा प्रश्न असतो. त्यातही हा चिकटपणा उभ्या-आडव्या दिशांना सारखाच असेल याची हमी नाही.

ताणाचा प्रश्न तर आणखी चिवट. अगदी सगळ्या दिशांना सारखं असलेलं जेल घ्या आणि एका दिशेने ताणून धरा. आता लहर दोन दिशांना वेगवेगळ्या वेगाने धावेल. पदार्थात तंतू नाहीत, तरी माप दिशा दाखवतं. स्नायूत तंतूही असतात आणि ताणही असतो. कोपर वाकवलेला की सरळ, स्नायू सैल की आवळलेला, यावर आकडा कित्येक पटींनी बदलतो. प्रोब जोरात दाबला तरी बदलतो. म्हणून भरपूर जेल लावून प्रोब जेमतेम टेकवायचा आणि सांध्याचा कोन नोंदवून ठेवायचा, हे यात बारीकसारीक वाटणारं पण निर्णायक काम आहे. दोन वेगवेगळ्या कोनांत घेतलेल्या मापांची तुलना करून ‘स्नायू सुधारला’ म्हणणारा अहवाल दिसला तर मी तो बाजूला ठेवेन.

कंडरेत तर वेगाचं सूत्रच कोलमडतं. टाचेमागची कंडरा काही मिलिमीटर जाडीची, आणि लहर तिच्यात सेकंदाला दहा मीटरच्या वर धावते, म्हणजे तरंगलांबी कंडरेच्या जाडीपेक्षा मोठी. लहर मोकळेपणी पसरत नाही, दोन पृष्ठभागांमध्ये अडकून पुढे जाते, आणि तिचा वेग जाडीवर आणि कंपनसंख्येवर अवलंबून राहतो. शिवाय काही मशीनांची वेग मोजण्याची कमाल मर्यादाच इथे गाठली जाते आणि पडद्यावर सगळीकडे एकच गडद रंग पसरतो. तो रंग म्हणजे मोजमाप नव्हे, फक्त ‘याच्या पुढे’ अशी पाटी.

हृदयाच्या भिंतीत तंतूंची दिशाच स्थिर नसते. आतल्या थरापासून बाहेरच्या थरापर्यंत जाताना ती सुमारे १२० अंशांत वळते, आणि हे सगळं सेंटिमीटरभर जाडीत. त्यात हृदय आकुंचन पावताना ताठर, सैलावताना मऊ. इथे एका रेषेतला प्रोब हाताने फिरवत बसायला वेळच मिळत नाही. खोलीनुसार वेग कुठल्या दिशेने सर्वांत जास्त येतो हे पाहून तंतूंचं वळण शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. ज्यात घटक चौकटीत मांडलेले असतात तो मॅट्रिक्स प्रोब एकाच ढकलण्यानंतर सगळ्या दिशांच्या लहरी पाहू शकतो. २०१३ मध्ये स्नायूवर ते करून दाखवलं गेलं. पण इतक्या घटकांचे सिग्नल सेकंदाला हजारो वेळा वाचायचे म्हणजे यंत्रणा अवजड होते, आणि रुग्णालयातली नेहमीची मशीनं अजून एका रेषेवरच चालतात.

डोळ्याच्या पारदर्शक पटलात हा सगळा गुंता अगदी पातळ जागेत पुन्हा भेटतो, तोही वेगळ्या रूपात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या त्या पटलात कोलाजेन या प्रथिनाचे शेकडो पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. पापुद्र्याच्या प्रतलात ओढलं तर विरोध प्रचंड, पण एक पापुद्रा दुसऱ्यावरून सरकवला तर तो त्याच्या मानाने नगण्य. हवेतून सोडलेल्या अल्ट्रासाऊंडने पटलाला स्पर्श न करता ढकलायचं आणि पुढची लहर प्रकाशाने टिपायची, अशी पद्धत त्यासाठी वापरतात. ती लहर मुख्यतः पापुद्र्यांचं सरकणं सांगते. डोळ्याच्या आतल्या दाबाला तोंड देतं ते मात्र पापुद्र्यांचं ताणणं. सरकण्याच्या आकड्याला तीनने गुणून ताणण्याचा आकडा काढला, तर पटल आहे त्यापेक्षा कित्येक पटींनी मऊ ठरतं.